पोच्यांसकट गाडी

आमच्या खोपोलीच्या शिळफाट्यावरचे बाळू पेंटर माणसांना नावाने ओळखत नाहीत, गाडीने ओळखतात. आणि गाडी ओळखतात ती तिच्या पोच्यावरून. पंधरा वर्षं शेजारी राहूनही मी त्यांच्या लेखी ‘डावा दरवाजा चेपलेली पांढरी’ आहे. माझ्या बायकोला ते ‘पांढरीतल्या वहिनी’ म्हणतात. तिला त्याचा अजून राग येतो.

पेंटरांचा सारा जन्म गॅरेजात गाड्या रंगवण्यात गेला. साठीनंतर हात स्वस्थ बसेना, म्हणून कॅनव्हासवर गाड्या काढू लागले. घाटातली रांग, फाट्यावरची कोंडी, फार्महाऊसच्या फाटकाशी उभ्या गाड्या. सगळं हुबेहूब, पोच्यांसकट. “पोचा नाय ती गाडी कुटं गेलीच नाय,” हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

या हट्टापायी एकदा भलतंच झालं. कडावच्या एका फार्महाऊसवाल्याने बायकोच्या वाढदिवसासाठी नव्या गाडीचं चित्र करून घेतलं. मागचा बंपर आपण भिंतीला ठोकलाय, हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. पेंटरांनी तो पोचा चांगला ठसठशीत काढला, आणि वेष्टन फोडलं ते बाईंनीच. तो माणूस आता फाट्यावर चहालाही थांबत नाही.

बायको गेल्यापासून पेंटर एकटेच असतात. मुलगा पुण्याला. दर शनिवारी तो एक्स्प्रेस वेने मुंबईला सासुरवाडीला जातो. खोपोलीला वळला तर घर दहा मिनिटांवर. पण फोन येतो तो ते वळण मागे टाकून खालापूरचा टोल ओलांडल्यावर: आज उशीर झाला, पुढच्या शनिवारी नक्की. पेंटर दर शनिवारी त्याच्या वाटणीचा भात टाकतात आणि रविवारी तोच फोडणीला घालून मला खायला बसवतात. दीड वर्ष झालं.

यंदा मुंबईच्या एका बाईंनी चित्रं पाहिली आणि तिकडे मोठं प्रदर्शन ठरवलं. उद्घाटनाला चित्रकार हवेतच, असा त्यांचा आग्रह. मी पेंटरांसाठी नवा सदरा आणला आणि सकाळीच गाडी काढून त्यांच्या दारात उभा राहिलो. पाहतो तर हे बनियनवर तांदूळ निवडत बसलेले. मी चिडलो. जन्मात एकदा येणारी गोष्ट, तिकडे लोक वाट बघतायत, असं बरंच काही बोललो.

“बघू दे वाट,” ते म्हणाले. “आज शनवार हाय ना. गाडी वळलीच इकडं, तर दाराला कुलूप दिसंल त्याला.”

मी किल्ली खिशात टाकली आणि त्यांच्या शेजारी तांदूळ निवडायला बसलो.