जांभळ्या गनिमावर उ-सातची फत्ते

श्रीवज्रेश्वरी प्रसन्न. शके एकोणीसशे एकोणतीस, सर्वजितनाम संवत्सरी, खंडेनवमीचे दिवशी भिवंडी मुक्कामी कॉलेजाच्या प्रयोगशाळेत जे रण माजले, त्याची हकिकत ऐसी की, मुक्तमूलक, म्हणजे फिरंगी भाषेत फ्री रॅडिकल, नामे गनीम मनुष्यदेहात शिरोन पेशींची लूट करितो, त्याच्या पारिपत्यास्तव वज्रचुडेमंडित उन्नतीबाईंनी फिनॉलकुळातील उ-सात नामे शिपाई स्वहस्ते घडविला. आणि त्याचे थोरले सहा भाऊ पूर्वीच गारद जाहले असल्याकारणे प्रयोगशाळेचे मुख्य केसरीनाथ सरांचे फर्मान सुटले की, उद्यापावेतो याची फत्ते न दिसल्यास औषधाची मोहीम खारीज.

पूजेस्तव शहरातील कापडाचे लूम बंद, म्हणोन विजेस स्थिरता, म्हणोन मुहूर्त हाच धरिला. मग गनिमाचा जांभळा द्रव दोन नळ्यांत भरिला, एकीत उ-सात सोडिला, दुसरी नुसतीच ठेविली. औषधाची पिवळी पडावी आणि नुसती जांभळीच राहावी, तर विजय, ऐसा युद्धाचा कायदा. नळ्या अंधाऱ्या कपाटात ठेवोन बाई दूधपित्या पूर्वीबाईसाहेबांस पाजावयास शेजारच्या दालनात गेल्या.

परतोन पाहतात, तो दोन्ही पिवळ्या! आणि नात सांभाळावयास आलेल्या सासूबाई आक्कासाहेब हाती हळदीकुंकवाची कोयरी घेवोन कपाटापाशी उभ्या.

"सून लढाईला चाललीय, हत्यारा बिनपूजेची ठेवाची का गो? चिमूट चिमूट वाहिली."

हळद तीही फिनॉलकुळातलीच, तिने गनीम परभारे कापिला होता. सोबतीण उज्माबी कपाळास हात लावोन वदली, "आक्का, हत्यारं पुजलीत ते ठीक, पण दुश्मनालापण हळद लावलीत!"

उन्नतीबाईंनी गनिमाची बाटली हलवोन पाहिली. द्रव एका झुंजीपुरताच शिल्लक. मग नव्या नळ्या मांडिल्या, आणि आक्कासाहेबांनी कोयरी उज्माबीच्या हवाली करोन कपाटास पाठ लाविली आणि हुकूम केला, "आता माशी न्हाय जाव देत!" आणि मांडीवरील पूर्वीबाईंनी आईचे बोट मुठीत धरोन तहनामा केला, की कपाट उघडेपावेतो रडणे नाही, आणि तो पाळिला.

कपाट उघडिले. एक जांभळी, एक पिवळी. मग रंग मोजणाऱ्या यंत्रानेही कौल दिधला, आणि उ-सात उंदरांच्या मुलुखी रवाना करावा, ऐसे ठरले.

मग उन्नतीबाईंनी कोयरी मागोन घेतली, उ-सातची बाटली पुढे केली, आणि बूच घट्ट असल्याची खातरजमा जाहल्यावरच आक्कासाहेबांनी हळदीचे बोट लाविले. दुसरे बोट पूर्वीबाईंच्या नाकास लागले. तेवढे नमुन्यात धरिले नाही. येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती दफ्तरी दाखल असे.