केरबातात्यांची दोन मिनिटं

लग्नाच्या पंगतीत पहिला वरण-भात वाढून झाला, श्लोक म्हणून झाला, की सगळे जेवायला लागतात. आमचे केरबातात्या लागत नाहीत. ते भाताचं एकच शीत उचलतात, उजेडाकडे धरतात, पुढच्या दोन दातांनी मधोमध तोडतात आणि डोळे मिटतात. मग शेजारच्या माणसाला, तो कोण का असेना, निकाल ऐकवतात.

"ह्यो कोलम हाय. इंद्रायनीचं नाव सांगून खपवलाय. मुलीकडच्यांनी फसवलं न्हाई बरं का. त्यान्लाच कुनीतरी फसवलंय."

हे ते हळू आवाजात सांगतात, असं त्यांचं मत आहे. एकदा शिवऱ्याच्या एका लग्नात यावरून मुलाचा मामा ताटावरून उठला होता. दहाव्याच्या जेवणातही तात्यांना राहवत नाही. "मानूस खोटं बोलंल. दाना बोलतो," एवढं त्यांचं तत्त्वज्ञान. वर दाद मागायची सोय नाही.

आमची आणि त्यांची शेतं मार्गासनीच्या अलीकडे एका बांधाला आहेत. मी तहसील कचेरीत कारकून, तात्या सत्तरीचे, पूर्णवेळ भातवाले. त्यांना तारखा कळत नाहीत, भात कळतं. माझा जन्म कधीचा, तर "आवनीतला. तुज्या आईनं सकाळी चिखलात रोपं लावली आन दुपारी तुला." एसटीत ते खिडकीशी बसतात आणि नसरापूरपासून मार्गासनीपर्यंत दुसऱ्यांच्या खाचरांवर शेरे मारतात. "ह्याचा बांध फुटलाय. ह्यानं युरिया लई मारलाय. ह्याला बायकोनं सोडलंय वाटतं, तण बघ किती." शेवटचा शेरा एकदा खरा निघाला होता.

आणि ते तांदूळ वाटायचे. दारात आलेला माणूस त्यांच्या आंबेमोहोराची पिशवी घेतल्याशिवाय सुटत नसे. मीटर वाचायला आलेला, विमा विकायला आलेला, पानशेतला जाताना रस्ता चुकून पत्ता विचारायला थांबलेली पुण्याची गाडी, सगळ्यांना पिशवी. गावात कोणी बाळंत झाली की तिच्या मऊ भाताला जुना आंबेमोहोर तात्यांच्याच घरून जायचा. त्याला कोणी दान म्हणायचं नाही. ती रीत होती.

यातली खरी गोष्ट मला उशिरा कळली. तात्यांच्या घरात तो तांदूळ खायला कोणी नव्हतं. काकी, म्हणजे तात्यांची बायको, गेल्या. तात्यांना साखर निघाली, डॉक्टरांनी भात बंद केला. पुण्यातल्या मुलानं आणि सुनेनं आपणहून सोडला. "तात्या, त्यात कार्ब्स असतात," मुलगा म्हणाला होता. तात्यांनी नंतर मला बांधावर विचारलं, "कार्ब्स ही कंची कीड रं? म्या तर कदी बगितली न्हाई."

तर त्या मुलानं तात्यांना परदेश दाखवायचं ठरवलं. तात्यांनी देश निवडला तो टीव्हीवर बघून. त्या देशाचं नाव मी इथं लिहीत नाही. निघताना एका कागदावर आमच्या सह्या झाल्या आहेत, आणि सही केलेला कागद मी विसरत नाही. दुसरंही कारण आहे, ते पुढे येईल. एवढं सांगतो की तो देश कोणाला आत घेत नाही. घेतलं तर गटानं घेतो आणि एकट्याला रस्ता ओलांडू देत नाही. टीव्हीवर त्यांचं संचलन चाललं होतं. सगळे शिपायांचे पाय बघत होते, तात्यांनी शिपायांच्या मागचं बघितलं आणि मला म्हणाले, "दिनू, खाचर बगितलंस का? लई नेटकं. हितं जायाचं."

"तात्या, तिथं कोणी जात नाही," मुलगा म्हणाला.

"मंग गर्दी नसंल."

पुढे मुलाला कामामुळे सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्याच्या जागी मी गेलो. कचेरीतून रीतसर परवानगी काढून. आपलं भात निसवायला, म्हणजे लोंब्या टाकायला, लागलेलं असताना तात्या गाव सोडून गेले, ते आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा.

आम्ही चौदाजण होतो, बाकी सगळे पुण्याचे. बसमध्ये पुढे माईक घेऊन एक पंचविशीची मुलगी, आमची गाईड. मागच्या सीटवर तिथलेच एक गृहस्थ. त्यांचं काम काय, ते कोणी सांगितलं नाही. ते हसायचे. अशी माणसं आमच्याही कचेरीत असतात, त्यामुळे मी पहिल्या दिवशीच ओळखलं आणि पहिल्या दिवसापासून घाबरलो.

चार दिवस बस भाताच्या कडेनं पळत होती आणि तात्या काचेला नाक लावून बसले होते. त्यांची मागणी एकच.

"पोरी, गाडी थांबव की. दोन मिंटं."

मी माझ्या कचेरीच्या इंग्रजीत ते सांगायचो. ती म्हणायची, उद्या, मिस्टर केरबा. दुसऱ्या दिवशीही उद्या. हे उत्तर आम्ही लोकांना देतो, म्हणून मला त्याचा अर्थ कळत होता. तात्यांना कळत नव्हता. ते रोज सकाळी नवे बूट बांधून तयार.

पाचव्या दिवशी त्यांचा राष्ट्रीय दिन होता. सगळा देश सुट्टीवर. बायका झगझगीत कपड्यांत, बागांतून माणसं डबे उघडून बसलेली. आम्हाला मोठ्या पुतळ्यांपुढे नेलं. रांगेत उभं राहायचं, फुलं ठेवायची, एकदा वाकायचं, संपलं. तात्यांनी आधी बूट काढले. गाईडला ते फार आवडलं. मग ते मनापासून वाकले. तेही आवडलं. मग ते पुतळा उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालायला निघाले. तेव्हा दोन शिपाई पळत आले आणि ती मुलगी त्यांच्याही आधी पळत आली.

"आता काय चुकलं?" तात्या म्हणाले. "पाया पडायचं तर पुरतं पडावं."

मी शिपायांपुढे सॉरी सॉरी म्हणत होतो. ती मात्र तोंडावर हात धरून हसत होती.

दुपारी मागच्या सीटवरचे गृहस्थ सुट्टीसाठी शहरात थांबले आणि आम्ही तिच्याबरोबर एक धरण बघायला निघालो. ती तात्यांच्या शेजारी येऊन बसली. तात्यांनी खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली. त्यांचा आंबेमोहोर. त्यांनी तिची ओंजळ धरली आणि मूठभर त्यात ओतला.

"वास घे."

तिनं घेतला. बराच वेळ घेतला. मग माझ्याकडे न बघताच सांगितलं, तिची आजी अशा वासाच्या तांदळाबद्दल बोलायची, तिनं स्वतः कधी बघितला नव्हता. तिनं दाणे कोटाच्या खिशात टाकले, एक खाली पडला तोही उचलला. दहा मिनिटांनी बस थांबली. ती माईकवर म्हणाली, दोन मिनिटं. फोटो नाही.

तात्या बांधावरून उतरले ते सरळ खाचरात. मुलानं घेतलेले पांढरे बूट घोट्यापर्यंत चिखलात. त्यांनी लोंबीतला एक दाणा घेतला, दातांत धरला, डोळे मिटले. रस्त्यावर आम्ही तेराजण उभे.

"अजून दुदात हाय. भरायला पंदरा दिस लागतील."

काय म्हणाले, तिनं विचारलं. मी सांगितलं. ती मान डोलावून म्हणाली, बरोबर, पंधरा दिवस. माझे वडीलही हेच म्हणतात. आणि ती स्वतः खाली बांधावर उतरली. तात्या मराठीत बोलत होते, ती तिच्या भाषेत. दोघं एकाच लोंबीकडे बोट दाखवत होती. मी दुभाषा असून माझी गरज उरली नव्हती. दोन मिनिटांची दहा झाली.

इथवर मी ही हकीकत बऱ्याच जणांना सांगितली आहे. लोक हसतात. पुढचं सांगितलेलं नाही.

बसमध्ये परतताना आमच्यातली एक बाई म्हणाली, आपल्यातल्या कोणीतरी गुपचूप फोटो काढलाय म्हणे. दुसरे कोणी म्हणाले, दुसऱ्या देशात धान्य नेणं गुन्हा असतो. माझी नोकरी, माझी परवानगी, तात्यांबरोबर माझं नाव. संध्याकाळी हॉटेलात जेवणाआधी ते गृहस्थ भेटले. त्यांनी एवढंच विचारलं, दिवस चांगला गेला ना?

मी सगळं सांगितलं. कुठे थांबलो, किती मिनिटं, गाडी कोणी थांबवली, तिनं काय घेतलं आणि कुठल्या खिशात ठेवलं. हे त्यांनी विचारलं नव्हतं. तीस वर्षं मी हेच करत आलोय, काही वेगळं घडलं की आधी वर कळवायचं, म्हणजे आपल्यावर येत नाही. त्यांनी माझे आभार मानले. मला हलकं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण मला हलकं वाटलं आणि मी पोटभर जेवलो.

सकाळी बसमध्ये दुसरी मुलगी होती. पहिली आजारी आहे, असं सांगण्यात आलं.

"काल तर हसत हुती," तात्या म्हणाले. उरलेले दोन दिवस ते प्रत्येकाला विचारत होते. हॉटेलातल्या झाडूवाल्या बाईलाही, मराठीत. विमानात त्यांनी पट्टा बांधून घेतला आणि म्हणाले, "माजा तांदूळ घेतला तिनं. तेनंच झालं, दिनू."

"तसं काही नसतं तात्या," मी म्हणालो.

हे एक वाक्य मी तीन वर्षं वापरलं.

गावी आल्यावर तात्यांनी पिशव्या बंद केल्या. मीटरवाला रिकाम्या हातानं गेला तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. पाहुणे तसेच गेले तेव्हा आलं. लग्नात ते शीत उचलेनात. मुकाट जेवायचे आणि उठायचे. आधी लोकांना बरं वाटलं, मग चुकल्यासारखं. समोरच्या शांताकाकी म्हणायच्या, "म्हातारा इमानात बसला आन चिकाट झाला." मुलगा म्हणायचा, वय झालं. पोत्यांत किडे पडले, तरी तात्या कोणाला शेरभर देईनात. का देत नाहीत, ते गावात मला एकट्याला माहीत होतं, आणि मी बांधावरून "काय तात्या" म्हणून पुढे जात होतो.

यंदा माझी मुलगी बाळंतपणाला घरी आली. बाळ झालं. बायको रीतीप्रमाणे तात्यांकडे मऊ भाताचा तांदूळ मागायला गेली आणि तशीच परत आली.

"माझं नगं म्हनाले. लेकराच्या आईला माझ्या हातचं नगं, म्हनाले. एवढा कसला माज म्हंते मी!"

तिला तो माज वाटला. मी चप्पल घातली.

तात्या अंगणात वाकळेवर तांदूळ पसरून किडे निवडत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हॉटेल, ते गृहस्थ, कोटाचा खिसा. माझं पोटभर जेवणसुद्धा. ते निवडत राहिले. एक किडा, दुसरा किडा. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

"तेनं इचारलं हुतं का तुला?"

"नाही."

"मंग?"

"भ्यालो, तात्या."

"आन तीन वरसं?"

याचं उत्तर एवढ्या दिवसांत मी शोधलंच नव्हतं.

"पोरीचं काय झालं आसंल?"

"माहीत नाही. खरंच आजारी असेल. घरी पाठवली असेल. कळायला मार्ग नाही."

त्यांनी हात थांबवला. "म्या खाचरातनं वर येत हुतो तवा मला रस्त्याकडं बगता आलं न्हाई. चिखलात पाय अडकला हुता. तू रस्त्यावर हुतास. ती बसमदी चढताना कशी हुती?"

मी आठवलं. हे मात्र मला स्वच्छ आठवत होतं. "तुमच्या बुटांकडे बघून हसत होती. आणि हात खिशात होता. ज्यात तांदूळ होता त्या."

तात्यांनी त्या तांदळात हात फिरवला. मग म्हणाले, "जा आता. म्या सांगीन तवा ये."

दुसऱ्या दिवशी शांताकाकी पिशवी घेऊन आल्या. स्वच्छ निवडलेला जुना आंबेमोहोर. एक पिशवी त्यांनाही मिळाली होती, म्हणून तोंडभर हसत होत्या. "म्हाताऱ्याला काय झालंय कुनास ठावं. तुमच्या लेकीला दिलाय. बापानं खायाचा न्हाई म्हनावं, असं दोनदा म्हनाला."

"असं का हो?" बायकोनं मला विचारलं.

"मला साखर आहे ना," मी म्हणणार होतो. म्हटलं नाही. तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. ती उठून आत गेली आणि भात टाकला.

थोड्या वेळानं घरभर वास सुटला. आत लेक जेवत होती. मी बाहेरच्या ओट्यावर बसून भाकरी खाल्ली.