मामांच्या गाडीची चौकशी

चार ओळींत काम उरकेल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही, अशी लेइसावीची पक्की खात्री होती!

पोर्ट व्हिला या बेटदेशाच्या राजधानीत, बेटकल्याण खात्यात ती लेखनिक होती. खात्याची एकुलती एक गाडी डोंगरातल्या गावांना लसी पोहोचवायची. पण मंत्री काल्वात, म्हणजे तिच्या आईचे चुलतभाऊ, गेले तीन आठवडे त्याच गाडीतून पुतण्याच्या लग्नात द्यायची डुकरं वाहत होते! लसीचा डबा मांडीवर घेऊन नर्स बिचारी ताटकळत बसलेली. शेवटी लेइसावीने लोकपालांकडे चार ओळींची निनावी तक्रार टाकली.

आठवड्याने मामा लालबुंद होऊन तिच्या टेबलाशी आले. हातात लोकपालांची नोटीस!

"पोरी, कुणा मेल्याने चुगली केलीय! तुझ्याइतकं चांगलं इथे कुणी लिहीत नाही. असं उत्तर दे, की त्याची बोलती बंद!"

"मी?" लेइसावीने हातातला घास डब्यात परत ठेवला.

खोटं लिहवेना, खरं लिहिता येईना. तिने लिहिलं, "गाडी कामात आहे." लोकपालांनी उलट विचारलं, "कोणाच्या?"

तोवर विरोधी बाकावरच्या एका बाईंनी संसदेत प्रश्न टाकला. लेखी उत्तर कोण देणार? लेइसावी! मामा चिडून न्यायालयात गेले, चौकशीच थांबवा म्हणाले. अर्ज कोणी लिहिला? लेइसावीनेच! न्यायाधीशांनी तो दोन मिनिटांत फेटाळला. "विचारणं हे लोकपालांचं काम. तुमचं काम उत्तर देणं."

मामा खुर्चीत मटकन बसले. "मंत्री मी आहे ना? मग जो तो मलाच काय विचारतो?"

लेइसावीला राहवेना. "मामा, तक्रार मीच केली होती."

मामा ताडकन उठले.

"अगं, मग तोंडाने सांगायचंस!"

"तीनदा सांगितलं. तुम्ही डुकरांना चारा घालत होतात. मामा, वर साठ पोरं लसीवाचून आहेत हो!"

मामांनी टेबलावरचा कोरा कागद तिच्याकडे सरकवला. मग हळूच म्हणाले, "घे कागद. सगळं खरं लिही. मी सही करतो."

संसदेत त्यांनी उभं राहून चक्क माफी मागितली! गाडी डोंगरावर गेली, साठच्या साठ पोरांना लस टोचून झाली. शिवाय मामांनी नवा नियम काढला: सरकारी कामाशिवाय गाडीत कुणीही बसायचं नाही. मसुदा अर्थातच लेइसावीचा.

शनिवारी भर उन्हात, कोनफळांची जड टोपली घेऊन ती बाजारातून निघाली. समोरून खात्याची गाडी आली. तिने हात केला.

ड्रायव्हर सामेलने काच खाली केली. "ताई, नियम वाचलात ना?"

"मीच लिहिलाय रे तो!"

"झकास लिहिलाय!" म्हणत सामेलने गाडी पुढे काढली.