पलटण, मरीन आणि मधला चिखल

"तात्या, भांडण हे नेहमी धूसरपणातून जन्मते! रेघ स्वच्छ आखली, की भांडणाला उभे राहायला जागाच उरत नाही!"

असे म्हणून मार्तंडाने ओटीच्या खांबाला पाठ टेकवली आणि सुपारीच्या बागेपलीकडे चमकणाऱ्या खाडीकडे अशा नजरेने पाहिले, की जणू तीही त्यानेच आखली होती. मुंबईहून बी.ए. होऊन आल्याला त्याला जेमतेम वर्ष झाले होते, आणि कांदळवाडीच्या एकाही अडचणीने अजून त्याचा पराभव केला नव्हता. कारण एकही अडचण अजून कोणी त्याच्याकडे आणलीच नव्हती.

तात्या, म्हणजे त्याचे चुलते, गावच्या देवस्थानाचे पंच होते. त्यांनी शांतपणे पानाला चुना लावला.

"आख बाबा, वाटेल तिथे रेघ आख. पण यंदा पालखीपायी डोकी फुटली, तर पैलवाडीकर देवीला दारातून परत धाडणार आहेत. तसा निरोपच आलाय त्यांचा. माझ्या कारकिर्दीत बहिणीबहिणींची भेट तुटली, तर मला गावात तोंड दाखवायला नको!"

प्रकरण असे होते. रेवदंड्याच्या खाडीच्या अलीकडे कांदळवाडी, पलीकडे पैलवाडी. अलीकडची खारजाई आणि पलीकडची वेळजाई या सख्ख्या बहिणी, आणि शिमग्यात धाकटी खारजाई होडीत बसून थोरलीच्या भेटीला जाई. पालखी आटोपशीर, दोन माणसांच्या खांद्यांची. मागचा खांदा कोणीही द्यावा. पण पुढचा खांदा म्हणजे मान! आणि त्या मानाला गावात दोन धनी होते.

एक येसाजी हवालदार. पलटणीतून बसऱ्याची लढाई मारून आलेला. तो पाऊल असे आपटी, की शेजारच्या कोंबड्या अंड्यांवरून उठत. दुसरा कान्हा तांडेल. सरकारच्या मरीनमध्ये, लढाऊ बोटीवर, तोफेच्या जोडीला उभा राहिलेला दर्यावरचा शिपाई. तो सपाट अंगणातही लाटा गृहीत धरून चाले. येसाजी सलाम करी तेव्हा त्याचा उघडा तळहात साऱ्या जगाला दिसे. कान्हा सलाम करी तो बोटीच्या डांबराने काळा झालेला तळहात कोणाला दिसू नये अशा बेताने. येसाजी घड्याळावर जगे, कान्हा भरती-ओहोटीवर. जगाची लढाई संपून दहा-बारा वर्षे लोटली होती. या दोघांची तहाची बोलणीसुद्धा अजून सुरू झाली नव्हती.

"शिपाई म्हंजे जमिनीवर लढतो तो!" येसाजी पारावर बसून सर्वांना ऐकू जाईल असे म्हणे. "मरीनवाल्यानं काय मारलं? बांगडं?"

"आन तुला बसऱ्याला नेला कोनी रं?" कान्हा पाराखालून विचारी. "आमच्याच बोटीवं आडवा पडून ओकत व्हतास! आख्खी पलटन ओकत व्हती! डेक धुऊन धुऊन आमचं हात गळालं, तवा तुमचा इजय झाला!"

गेल्या शिमग्यात याच वादाने पैलवाडीच्या बंदरावर काठ्या चालल्या होत्या. त्यात पैलवाडीकरांचीही डोकी फुटली. बिचाऱ्यांना वाद काय आहे हे ठाऊकही नव्हते!

मार्तंडाने दोघांना ओटीवर बोलावले, आणि न्यायाधीशाने घसा खाकरावा तसा घसा खाकरला.

"नीट ऐका. जमिनीवर हुकूम येसाजीचा. पाण्यावर हुकूम कान्ह्याचा. पाय भिजला की पाणी, पाय कोरडा असेल तोवर जमीन! यात कुठे शंका?"

दोघेही विचारात पडले. दोघांनाही आपणच जिंकलो असे वाटले. असा तह क्वचितच कोणाला साधतो!

"पन निघायचं कवा?" कान्ह्याने विचारले. "सकालची ओहोटी हाय. खारीत नुसता चिखल. दुपारच्या भरतीला निंगू."

"निघायचं ते जमिनीवरनं न्हवं का?" येसाजी ताडकन उभा राहिला. "मंग हुकूम माझा! सकाळी आठाच्या ठोक्याला कूच! पलटण पाण्याची वाट बघत न्हाय!"

मार्तंडाने क्षणभर डोळे मिटले. नियमाप्रमाणे येसाजीचेच बरोबर होते. आणि नियमाला पहिल्याच दिवशी अपवाद करायचा? छे!

"आठ वाजता," तो म्हणाला.

कान्हा नुसता हसला. ते हसणे मार्तंडाला समाधानाचे वाटले. बी.ए.ला एवढे काव्य वाचलेल्या माणसाला हसण्यातले पाठभेद कळायला हवे होते.

शिमग्याच्या सकाळी खाडी एखाद्या अर्धवट उतरलेल्या स्वप्नासारखी पसरली होती: कडेला कांदळाची उघडी मुळे, मध्ये पाण्याची एक निरुंद रुपेरी पट्टी, आणि उरलेला सगळा चिखल! तेवढ्या पाण्यात एकच लहान होडी तरंगण्यासारखी होती. म्हणून ढोल, ताशे आणि तात्यांसह सारी मंडळी दुपारच्या भरतीला यायची ठरली. होडीत मध्यभागी पालखी, तिला मिठी मारून नामा गुरव, पुढच्या टोकाला नाळेवर येसाजी, मागे वल्ह्याशी कान्हा, आणि दोघांच्या मधोमध, तहासारखा, मार्तंड.

येसाजीने इस्त्रीचा खाकी गणवेश चढवला होता. त्याच्या बुटांत पाहून भांग पाडता आला असता. कान्ह्याचा पांढराशुभ्र पोशाख डांबराच्या गोळ्यांच्या वासाने दरवळत होता. येसाजी होडीचे काठ घट्ट धरून गप्प बसला होता. कान्हा वल्हे मारत गप्प होता. मार्तंडाला भरून आले. 'शांतता! अखेर शांतता!'

आणि 'फस्स' असा आवाज होऊन होडी थांबली.

पैलवाडीचे बंदर हाकेच्या अंतरावर होते. तिथे आरत्या घेऊन बायका उभ्या होत्या, आणि त्यांच्यापुढे कमरेवर हात ठेवून पैलवाडीच्या पाटलांची आई, ठमाबाई. गेल्या वर्षी तिच्याच थोरल्या लेकाच्या डोक्याला टाके पडले होते. मध्ये फक्त चिखल होता.

कान्ह्याने वल्हे आत घेतले आणि हाताची घडी घातली.

"होरी थांबली, मरीनचं काम सरलं. ही जमीन. हवालदार, उचला पालखी!"

"ही जमीन?" येसाजीने आपल्या बुटांकडे पाहिले. "ही जमीन आसंल तर त्यावर पाय आपटून दाव मला!"

"मंग पानी हाय म्हनतोस? पानी आसंल तर होरी चालवून दाव!"

"पाण्याचा हुकूम तुजा!"

"आठाला निंगायचा हुकूम तुजा!"

ज्या मानासाठी गेल्या वर्षी काठ्या चालल्या, तो मान आता दोघेही एकमेकांच्या पदरात घालत होते! चिखलात देवी हातून निसटली तर जन्माचा कलंक! आवाज चढले. काठावर ठमाबाईने मान हलवली. तिच्या मागच्या दोघी बायका आरतीचे तबक झाकू लागल्या.

"थांबा!" मार्तंड ओरडला. त्याने धोतर वर खोचले. "मी उतरून पाहतो! पाय भिजला तर पाणी, न भिजला तर जमीन! नियम आहे!"

"मार्तंडभाऊ, नका उतरू," नामा गुरव कळवळून म्हणाला.

मार्तंड उतरला. गुडघ्यापर्यंत तो जमिनीबद्दल विचार करीत होता. मांडीपर्यंत पाण्याबद्दल. कमरेपर्यंत आल्यावर त्याने विचार करणे सोडून दिले.

"अहो, ओढा मला! कोणीतरी ओढा!"

"माणूस खंदकात पडला!" येसाजीने गर्जना केली. पलटण माणूस मागे सोडत नाही. त्याने उडी घेतली, आणि बुटांसह तो सरळ खिळ्यासारखा रुतला.

"मानूस दर्यात परला!" कान्हाही ओरडला. मरीनही माणूस मागे सोडत नाही. त्याने चोळणा सावरून आडवी उडी मारली आणि दोघांच्या मधोमध तोंडावर आपटला.

"पाय मारू नगा! निवट्या मासलीवानी पोटावं पडा!" चिखल थुंकत कान्ह्याने सांगितले.

"एकदम न्हाय! तालावर! एक... दो! एक... दो!" येसाजीने हुकूम सोडला.

आणि काय आश्चर्य! बी.ए., पलटण आणि मरीन हे तिघे मरीनच्या रीतीने आडवे पडून, पलटणीच्या तालावर सरपटू लागले. निवट्या मासळीची पिल्ले कुतूहलाने बाजूला सरली. येसाजीचा एक बूट खाडीने ठेवून घेतला. तो परत मागायला येसाजी थांबला नाही.

"अहो! अहो मंडळी!" मागून नामा गुरवाचा कापरा आवाज आला. "होडी निघाली!"

तिघांनी माना वळवल्या. भरती केव्हाच सुरू झाली होती. तीन पुरुषांचा भार उतरताच होडी हलकी झाली होती. चिखलातून अलगद सुटून, पालखी आणि पालखीला बिलगलेला नामा यांना घेऊन ती डुलत डुलत पैलवाडीकडे निघाली होती. पुढे कोणाचा खांदा नव्हता, मागे कोणाचा हुकूम नव्हता. उन्हात देवीचा मुखवटा झळकत होता. मार्तंडाला, चिखलातसुद्धा, ते फार सुंदर वाटले.

"मला पोहता येत न्हाय!" नामा आकांताने ओरडत होता. काठावरच्या बायकांना तो जयघोष वाटला असावा; त्यांनीही जयघोष केला. होडी हळूच बंदराला लागली. बायकांनी पाण्यात उतरून पालखी उचलली आणि आरत्या ओवाळल्या.

बऱ्याच वेळाने तिघे काठावर पोचले. कोण खाकी, कोण पांढरा आणि कोण धोतर, हे सांगणे आता ब्रह्मदेवालाही शक्य नव्हते. ठमाबाईने तिघांकडे निरखून पाहिले.

"ह्यातला पलटणीतला कंचा, आन मरीनमधला कंचा?"

येसाजीने मान खाली घातली. कान्ह्याने आभाळाकडे पाहिले.

"आमी आपलं... देवीबरोबरचं," येसाजी पुटपुटला.

"व्हय. देवीबरोबरचं," कान्हाही म्हणाला. त्या दोघांचे एकमत होण्याची ती पहिलीच वेळ असावी.

मार्तंडाने उरलासुरला धीर गोळा केला. "ठमाबाई... भेट मोडणार तर नाही ना?"

"मोडू कशापायी?" म्हातारी म्हणाली. "गेल्या सालाला आली ती डोकी फोडत आली. औंदा बघ, कशी गुमान आली गरीब लेकीवानी!"

मार्तंडाच्या छातीवरून पलटण, मरीन आणि अख्खी खाडी उतरली. डोळ्यांत पाणी आले, आणि त्या पाण्याने गालावरचा चिखल दोन रेघांनी स्वच्छ झाला. आता तात्या गावात अभिमानाने तोंड दाखवतील! तो हात जोडून काहीतरी प्रसंगोचित बोलणार, इतक्यात ठमाबाईने विहिरीकडे बोट दाखवले.

"फुडल्या सालापासनं तिला अशीच एकली धाडत जा, बाबा. गडी माणसं मागनं येऊंद्यात... आंघोळी करून!"