घंटा झाली, मास्तर निघाले

मास्तरीणबाई मटार सोलत टीव्हीवर सभागृहाचे कामकाज पाहत होत्या, तेव्हाच तो घोटाळा झाला. मतदानाची घंटा वाजली. बाहेर चहा पीत बसलेले सदस्य पळत आत शिरले आणि त्यांच्यातून वाट काढत मास्तर बाहेर गेले. काखेत डायरी, हातात चष्म्याचे घर. मागे दारे बंद झाली. मते दोन्हीकडे सारखी पडली आणि नियमाप्रमाणे विधेयक बारगळले.

विधेयक मास्तरांच्याच पक्षाचे होते. वीसपेक्षा कमी मुले असलेल्या शाळा बंद करायच्या. मास्तरांनी जिथे एकतीस वर्षे गणित शिकवले, त्या शाळेत सतरा मुले होती. पण बाजूने मत द्यायचा पक्षाचा लेखी आदेश होता. तो मोडला तर सदस्यत्व जाणार, आणि नोकरीचा राजीनामा तर निवडणुकीआधीच दिलेला. तेलही गेले, तूपही गेले.

"अगं, घंटा झाली, मला वाटलं तास संपला," मास्तरांनी फोनवर सांगितले.

मास्तरीणबाईंना यात नवल वाटले नाही. घरी दारावरची घंटा वाजली तरी मास्तर दार न उघडता वही-पेन गोळा करून दुसऱ्या खोलीत जात.

पण गल्लीला हे पटेना. सकाळी कोपऱ्यावर फलक लागला, 'शाळा वाचवणारा वाघ'. वर्तमानपत्राने मास्तरांना बाणेदार ठरवले. जितके कौतुक वाढत होते तितकी मास्तरांची खुर्ची हलत होती. मास्तरीणबाईंनी फलक काढायला लावला. मुख्याध्यापकांनी आभाराचा फोन केला, तर त्यांनी आभार परत केले. दोन दिवस त्या दारोदार फिरून आपला नवरा किती वेंधळा आहे हे पटवून देत होत्या. पाच-सहा घरांनी तर ते आधीपासूनच ठाऊक असल्याचे सांगितले.

तिसऱ्या दिवशी पक्षकार्यालयात चौकशी होती. मास्तरीणबाई साक्षीदार म्हणून हट्टाने गेल्या. समोर पक्षाध्यक्ष, आणि शेजारी दावणवाले. सगळ्या सदस्यांना एका दावणीला बांधून ठेवायचे काम त्यांच्याकडे, म्हणून हे नाव. विधेयक पडल्यापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हते.

सवय म्हणता, तर मग दोन वर्षांत याआधी कधी उठून गेले नाहीत ते कसे, असे त्यांनी विचारले. आजवर सगळे आवाजी मतदानावर भागले, घंटा पहिल्यांदाच झाली, असे मास्तरीणबाईंनी सांगितले. दारावरच्या घंटेचा किस्साही सांगितला.

"वहिनी, बायकोची साक्ष नवऱ्याच्या बाजूनंच असणार," दावणवाले म्हणाले.

"तुम्ही अजून आमच्या घरी जेवायला आला नाहीत, म्हणून असं वाटतंय."

मग मास्तर स्वतः बोलू लागले. गणितासारखे, पायरी पायरीने. तिसऱ्या पायरीवर अध्यक्षांना कंटाळा आला आणि चहा मागवायला त्यांनी टेबलावरची घंटा दाबली.

मास्तर वाक्याच्या मध्यावर थांबले. डायरी काखेत मारली, चष्म्याचे घर उचलले. भिंतीवरच्या फळ्यावर दावणवाल्यांनी पुढच्या निवडणुकीचे आकडे खडूने मांडले होते. ते मास्तरांनी रुमालाने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्वच्छ पुसले आणि ते निघून गेले.

दावणवाले फळ्याकडे पाहत राहिले.

"या माणसाला बंड जमायचं नाही," अध्यक्ष अखेर म्हणाले. "ताकीद द्या आणि विषय संपवा."

मास्तरीणबाईंनी चार दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. जिन्यात त्यांनी मास्तरांना गाठले.

"अहो, काय बेमालूम नाटक केलंत. फळा पुसलात तेव्हा मला हसू आवरेना."

"कसलं नाटक?" मास्तरांनी हातातल्या रुमालाकडे पाहिले. तो खडूने पांढरा झाला होता. "अरेच्चा. मगाशी घंटा झाली काय?"

मास्तरीणबाई पायरीवरच थबकल्या. "म्हणजे आज खरंच सवयीनं उठलात? मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी नीट ऐकली होती," मास्तर रुमाल झटकत म्हणाले. "सकाळपासून तिचीच वाट बघत होतो."

मास्तरीणबाईंनी मागे वळून पाहिले. वरचे दार बंद होते.

"चला लवकर," त्या हळूच म्हणाल्या. "गल्लीभर तुम्हाला वेंधळे ठरवून आलेय मी. आता निवडणुकीपर्यंत तसेच राहा."