गुळाचा वाटा

"एक महिना थांबा. माझ्या शाळेत पाय ठेवाले जागा नाई उरणार," असं मुखरू गुरुजींनी गडचिरोलीच्या वाण्याला छातीठोकपणे सांगितलं, आणि गुळाची भेली बैलगाडीत टाकून भामरागडकडचं आपल्या शाळेचं गाव गाठलं.

गुरुजी मूळचे चिमूरचे, बोलघेवडे. चार माणसं भोवती असली तरच त्यांना जेवण गोड लागायचं. नेमणूक मात्र अशा गावात झाली, की मोठ्यांची बोली माडिया आणि पोरं मोहफुलं वेचायला रानात. शाळेच्या झोपडीत गुरुजी एकटेच बसून राहत. हल्ली तर ते हजेरी घेत आणि पोरांच्या वतीनं 'हजर' असंही स्वतःच म्हणत. एकटेपण फार वाईट, शहाण्या माणसालाही खुळं करतं.

म्हणून त्यांनी हा खेळ काढला. बरोबर उत्तराला एक लाल गुंज, आणि शनिवारी ज्याच्या गुंजा जास्त, त्याला गुळाचा खडा.

पहिल्या आठवड्यात झोपडी भरून गेली. पाढ्यांचा असा गलका, की गुरुजींना दिवाळीच आल्यासारखं वाटलं. शनिवारी डोमा जिंकला. त्यानं दगडानं खडा फोडला, सगळ्यांना एकेक तुकडा दिला आणि उरलेला पानात बांधला.

"हे कोणासाठी?" गुरुजींनी विचारलं.

"रानात गेले त्यायच्यासाठी."

"अरे, पण जिंकला तं तू ना?"

"हो. मंग?" डोमा म्हणाला.

खडाच लहान पडला, असं गुरुजींनी ठरवलं आणि तो मुठीएवढा केला. पुढच्या आठवड्यात निम्मी पोरं आली. मग त्यांनी तो नारळाएवढा केला. त्या सोमवारी आली एकटी सुकरी, पाढ्यांत सगळ्यांहून तेज.

गुरुजी तडक गावच्या मुखियाच्या, लालसूच्या अंगणात गेले; मोठ्यांत गुरुजींची बोली येणारा तोच एक. "लालसूभाऊ, पोरं काऊन नाई येत? मी तं गूळ वाढवला."

"म्हणूनच तं," लालसू शांतपणे म्हणाला. "शिकारीले पूरा गाव कशाले पायजे? ज्याचा नेम चांगला, तो जाते. वाटा सगळ्यायले भेटते, घरी राह्यला त्याले बी."

तो आठवडा गुरुजींनी सुकरीला एकटीलाच शिकवलं. साऱ्या गुंजा तिनंच जिंकल्या. शनिवारी तिनं गूळ फोडला आणि पहिला तुकडा गुरुजींच्या हातावर ठेवला.

"मले बी वाटा?"

"तुम्ही आमच्या गावातलेच ना, गुरुजी."

गुरुजींचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत कुणीतरी त्यांना आपल्यात धरलं होतं. ते काही बोलणार, तेवढ्यात सुकरीनं पान बांधता बांधता समजावलं, "तुमचा वाटा भेटला. आता सोमवारी तुम्ही नाई आले तरी चालते."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तरी गुरुजींनी शाळा उघडली, हजेरी घेतली आणि शेवटी स्वतःचं नाव पुकारून 'हजर' म्हणाले.