डावीकडे गाणं, उजवीकडे चित्र

डाव्या पानावर गाणं, उजव्या पानावर आधुनिक चित्र आणि बाहेरून रेशमी फीत. भेट म्हणून द्यायची अशी पुस्तकं काढणारं ते प्रकाशन होतं, आणि कुठल्या गाण्यासमोर कुठलं चित्र हे ठरवणारा तिथे एकच माणूस होता. त्याला सगळे जुळारी म्हणत. पूर्वी तो छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. खिळे गेले, नाव राहिलं.

"माझ्याकडे द्या आणि निवांत झोपा," तो प्रकाशकबाईंना सांगायचा. "चित्र बघितलं की मला त्यातलं गाणं ऐकू येतं."

ऐकू यायचं हे खरं होतं. फक्त ते बायकोच्या आवाजात यायचं, कारण ती शेजारीच बसून गात असायची. जुळारी सगळे कागद घरी न्यायचा आणि पलंगावर पसरायचा. बायको एकेक चित्र समोर धरून गाण्याची पहिली ओळ म्हणायची. ओळ सरळ गेली तर जोडी जमली. गळा अडकला तर चित्र चुकलं. "हे नको," म्हणून ती पुढचं उचलायची. का नको, ते तिने कधी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. विचारायला आयुष्य पडलंय, असं त्याला वाटायचं.

ती गेल्यावरचं पहिलंच काम आलं ते लग्नाचं. गाद्यांचे एक कारखानदार होते. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न होतं आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पुस्तक द्यायचं होतं.

"जमेल ना?" प्रकाशकबाईंनी हळूच विचारलं.

"न जमायला काय झालं? पद्धत ठरलेली आहे."

त्याने कागद पलंगावर तिच्या बाजूला पसरले. नाहीतरी ती बाजू रिकामीच होती. पहिलं गाणं सकाळी खिडकी उघडणाऱ्या नवरा-बायकोचं होतं. समोर पिवळा चौकोन धरला, ओळ म्हणायला गेला आणि गळा अडकला. पिवळा बाद. हिरव्या रेघा धरल्या, अडकला. तीन डोळ्यांची बाई धरली, मग तीच उलटी धरली, तरी अडकला. जेवणाच्या वेळेपर्यंत जगातली सगळी आधुनिक चित्रकला बाद झाली होती.

सर्दी असणार, असं त्याने ठरवलं. मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या, खोकल्याच्या गोळ्या चघळल्या, गळ्याभोवती मफलर गुंडाळला. मफलर तिने विणलेला होता. त्यानंतर तर आवाजच फुटेना.

शेवटी त्याने मेहुणीला बोलावलं. बहिणी-बहिणींचा गळा सारखाच असणार, असा हिशेब. मेहुणी आली, खुर्ची ओढून बसली आणि सुरू झाली. तिचा गळा कुठे अडकायलाच तयार नाही. चौकोनासमोर ओळ सरळ, तीन डोळ्यांच्या बाईसमोर सरळ. चुकून खुंटीवरचा टॉवेल समोर आला, तर त्याच्यासमोरही सरळ.

"भाऊजी, सगळीच छान आहेत की."

"जरा अडकून बघा ना."

"मी कशाला अडकू? ताईला धाप लागायची, म्हणून ती अडकायची."

जुळारीने हातातलं चित्र खाली ठेवलं. धाप त्याला ठाऊक होती. डॉक्टरांकडे तोच न्यायचा. पण धाप आणि चित्रं यांचा संबंध त्याने कधी लावला नव्हता.

"तरी तिला नेमकी चुकीच्या चित्रासमोरच लागायची," तो म्हणाला.

"असेल बाई," मेहुणी म्हणाली आणि घरी गेली.

काम तर द्यायला हवं होतं. मग त्याने पद्धत उलटी केली. ज्या चित्रासमोर गळा सगळ्यात जास्त अडकेल तेच खरं धरायचं. हे मात्र भराभर जमलं. खिडकीच्या गाण्यासमोर न विस्कटलेला पलंग लागला. हातात हात घालून चालायच्या गाण्यासमोर लांबलचक राखाडी बोळ. 'आपण दोघं' म्हणणाऱ्या गाण्यासमोर दोन खुर्च्या, त्यातली एक निळी आणि दुसरीची नुसती बाह्यरेषा. प्रकाशकबाईंचा त्याच्यावर विश्वास. त्यांनी पुस्तक बघितलं ते फीत बांधून झाल्यावर, म्हणजे फक्त फीत बघितली.

लग्नाला आठवडा उरला असताना गादीवाले कार्यालयात शिरले.

"घरात लग्न आहे की कोणी गेलंय, काही कळेना," ते म्हणाले. "मुलीने तुमचं पुस्तक वाचलं. म्हणते, लग्न नको. दोघांतला एक कधीतरी मागे राहणारच, मग जोडी करायचीच कशाला?"

"जावईबापूंनी समजवावं," प्रकाशकबाई म्हणाल्या.

"तो समजवायलाच आला होता हो. त्यानेही वाचलं. आता तिच्या शेजारी बसून रडतोय."

प्रकाशकबाईंनी पुस्तक उघडलं, बराच वेळ पानं उलटली आणि चष्मा पुसला. "जुळारी, तुम्ही जा. पुस्तक चुकलंय म्हणून सांगा. लग्न मोडलं तर आपल्याकडे कोणी वाढदिवसाचंसुद्धा पुस्तक करायचं नाही."

गादीवाल्यांच्या घरात बसायला खुर्ची नव्हती. सगळ्या गाद्याच. जुळारी एकीवर बसला आणि खोल गेला. समोर सुजलेल्या डोळ्यांची मुलगी, शेजारी लाल नाकाचा जावई.

"पुस्तक चुकलंय," तो गादीतून म्हणाला. "जुळवणाऱ्याची तब्येत बरी नव्हती."

मुलीने दोन खुर्च्यांचं पान काढलं. "हे चुकलंय?"

त्याने बघितलं. "हे नाही."

"आणि पलंग?"

"तोही नाही."

मागे गादीवाल्यांनी कपाळाला हात लावला.

"मागे राहिलेला माणूस काय करतो, काका?"

"फारसं काही नाही. दूध उतू घालवतो. भांडायला कोणी नसतं, म्हणून रेडिओशी भांडतो. पलंगाच्या अर्ध्याच भागात झोपतो."

"हे आधी कळलं असतं, तर केलं असतंत लग्न?"

जुळारीने विचार केला. गादीवाल्यांच्या मते फारच वेळ केला.

"माझं लग्न दोन वर्षं लांबलं होतं," तो म्हणाला. "तिच्या वडिलांना माझी नोकरी पसंत नव्हती. ती दोन वर्षं मला परत हवी आहेत. तुमचं पुढच्या आठवड्यात आहे ना? उद्या करा."

"उद्या कसं, हॉल मिळायला नको?" जावई म्हणाला.

"तू गप रे," मुलगी म्हणाली आणि तिने नाक पुसलं.

लग्न झालं. पुस्तकं मात्र वाटली नाहीत. गादीवाल्यांनी पुन्हा धोका पत्करला नाही. पाहुण्यांना त्यांनी स्वतःच्या कारखान्यातल्या उशा दिल्या. दारात उभ्या असलेल्या बाईंनी जुळारीच्या हातात फीत बांधलेल्या दोन उशा ठेवल्या.

"मी एकटाच आलोय. एक पुरे."

"सुटी देता येत नाही हो, जोडीच आहे."

बसमध्ये त्याने फीत सोडली. एक उशी मांडीवर घेतली, दुसरी शेजारच्या जागेवर ठेवली. बस भरत गेली. उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, "इथे कोणी आहे का?"

त्याने उशी उचलली आणि मांडीवरच्या उशीवर रचली. "बसा," तो म्हणाला. आता त्याला समोर नुसता पांढरा अभ्रा दिसत होता. त्याचा थांबा केव्हा आला आणि केव्हा गेला, ते त्याला कळलं नाही.